‘तेम्प्लादो’ : पाणी दिलेला संयम

बेताने वागणाऱ्या माणसासाठी स्पॅनिश भाषेत विशेषणांची टंचाई नाही. मोदेरादो आहे, मेसुरादो आहे, कोमेदिदो आहे. खाण्यापिण्यापुरताच प्रश्न असेल तर सोब्रियो आणि पार्को आहेत. कोश उघडला की हे शब्द एकमेकांकडे बोट दाखवतात आणि वाचक फिरून पहिल्या नोंदीवर येतो. मला या लेखात त्यांच्यातल्या एकाविषयीच लिहायचे आहे : तेम्प्लादो. स्पॅनिशमधून मराठीत भाषांतर करताना बाकीचे शब्द थोड्याफार तडजोडीने बसतात, हा बसत नाही. ‘तो तेम्प्लादो माणूस होता’ या साध्या वाक्यात ‘संयमी’ लिहिले तर अर्धा अर्थ जातो, ‘शांत’ लिहिले तर पाऊण जातो आणि ‘मवाळ’ लिहिले तर उरलेला उलटा होतो. कारण स्पॅनिश वाचकाला या शब्दात संयमाबरोबर धैर्यही ऐकू येते. खाण्यापिण्यात आणि विकारांत मर्यादा पाळणारा हा अर्थ स्पॅनिश अकादमीच्या कोशात आहे, आणि डोके थंड ठेवून शौर्य दाखवणारा हाही आहे. मिताहारी आणि शूर ही दोन माणसे एका विशेषणात कशी राहायला आली, हा प्रश्न आहे.

आधी व्याकरणाची एक गोष्ट. मोदेरादो, मेसुरादो, कोमेदिदो आणि तेम्प्लादो हे चारही मुळात विशेषणे नाहीत, ती क्रियापदांची भूतकालवाचक धातुसाधिते आहेत. म्हणजे ‘संयम असलेला’ असे ती म्हणत नाहीत, ‘ज्याच्यावर अमुक क्रिया झाली आहे असा’ असे म्हणतात. हे आपल्याला परके वाटू नये. संयत, मित, युक्त हे आपले शब्दही असेच संस्कृतातल्या क्त प्रत्ययाने बनलेले आहेत. संयत म्हणजे आवरलेला, मित म्हणजे मोजलेला, आणि गीतेच्या सहाव्या अध्यायात आहारविहाराला लावलेला युक्त म्हणजे जोडलेला, जुंपलेला. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या आपल्या टीकेला ‘मिताक्षरा’ हे नाव दिले, त्यात अक्षरे मोजून वापरल्याची ग्वाही आहे. टीका आकाराने लहान नाही, हा भाग वेगळा.

आता कोणती क्रिया, ते पाहू. मोदेरादोच्या मुळाशी लॅटिन ‘मोदुस’ आहे, म्हणजे माप. मेसुरादोच्या मुळाशी ‘मेन्सुरा’, पुन्हा माप. आणि हा शब्द आपल्या ‘मा’ धातूचा, म्हणजे ‘मित’ आणि ‘मोजमापा’चा दूरचा भाऊबंद. कोमेदिदोही मोजण्याच्या क्रियापदावरूनच आलेला. तिघेही मापारी. मध्ययुगीन स्पॅनिश महाकाव्य ‘कान्तार दे मियो सिद’ याचा नायक हद्दपार होतो तेव्हाही तोल न सोडता बोलतो, आणि हा मेसुरा, मोजून वागण्याचा गुण, त्या काव्यात त्याच्या तलवारीइतकाच मोलाचा मानलेला आहे. तेम्प्लादो मात्र मापाऱ्यांच्या घरातला नाही. त्याचे मूळ लॅटिन ‘तेम्पेरारे’ : योग्य प्रमाणात मिसळणे. रोमन लोक दारूत पाणी घालून पीत आणि त्या मिसळण्याला हेच क्रियापद वापरत. बोलीत घासत घासत तेम्पेरारचे ‘तेम्प्रार’ झाले, मग दोन र एकापाठोपाठ नकोत म्हणून पहिल्याचा ल झाला आणि ‘तेम्प्लार’ तयार झाले. पुढे पंडितांनी लॅटिनमधून तोच शब्द पुन्हा आयात केला, तो ‘तेम्पेरादो’ या न घासलेल्या रूपात आजही आहे. बाखच्या १७२२ सालच्या सुप्रसिद्ध रचनासंग्रहाचे नाव स्पॅनिशमध्ये बहुधा या दुसऱ्या रूपानेच घेतात. तद्भव आणि तत्सम शेजारी शेजारी नांदण्याचा प्रकार मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

मिसळण्याची ही प्रतिमा फार दूर गेली. सिसेरोला ग्रीकांचा ‘सोफ्रोसिने’ हा शब्द, म्हणजे आत्मसंयमाचा सद्गुण, लॅटिनमध्ये आणायचा होता. ‘तस्कुलानी संवादां’त तो सांगतो की या एका शब्दासाठी आपण कधी तेम्पेरान्तिया, कधी मोदेरातियो तर कधी मोदेस्तिया वापरतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या भाषांतरकाराची अडचण वाचून मला बरे वाटते. पुढे तेम्पेरान्तिया ख्रिस्ती नीतिशास्त्रातल्या चार मुख्य सद्गुणांपैकी एक झाली, स्पॅनिशमध्ये ‘तेम्प्लांसा’. चित्रकार तिला एका घड्यातून दुसऱ्या घड्यात द्रव ओतणारी स्त्री म्हणून दाखवत. टॅरोच्या पत्त्यांतले चौदावे पान पाहिलेल्यांना ती माहीत असेल. पादुआच्या प्रार्थनामंदिरात जोत्तोने मात्र, साधारण १३०५च्या सुमारास, तिच्या तोंडात लगाम दाखवला आणि तिच्या हाती म्यानाला घट्ट बांधलेली तलवार दिली. घडे नाहीत, तलवार आहे. या तलवारीकडे आपल्याला परत यायचे आहे.

जाता जाता : पोर्तुगीजांनी हाच शब्द स्वयंपाकघरात नेला. त्यांच्याकडे ‘तेम्पेरार’ म्हणजे पदार्थाला मीठमसाला लावणे, आणि ‘तेम्पेरु’ म्हणजे तो मसाला. साडेचारशे वर्षे गोव्यावर राज्य केलेल्यांच्या भाषेत ‘तेम्पेरादो’ पदार्थ म्हणजे सौम्य नव्हे, चवीला नीट लागलेला. आणि आपल्या भिंतींना लावतात त्या डिस्टेंपरचे इंग्रजी नावही याच लॅटिन मुळाचे. रंग कशात तरी कालवायचा असतो, म्हणून.

मिसळण्यातून निघालेला सर्वांत सरळ अर्थ म्हणजे तापमानाचा. गरम पाण्यात गार पाणी घातले की ते तेम्प्लादो होते. उन्हाळ्यातली सुखद रात्र तेम्प्लादा (स्त्रीलिंगी शब्दाबरोबर शेवटचा ओ जाऊन आ येतो). भूगोलाच्या पुस्तकातला समशीतोष्ण कटिबंध म्हणजे ‘सोना तेम्प्लादा’. इथे भाषांतराचा पहिला खड्डा आहे. पाणी जर तेम्प्लादो असेल तर मराठीत ते कोमटच. पण स्पॅनिशमध्ये कोमटासाठी आणखी एक शब्द आहे, ‘तिबियो’. आंघोळीच्या पाण्यापुरते दोन्ही चालतात. माणसाला लावले की दोघांच्या वाटा फुटतात. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात लाओदिकेयाच्या मंडळीला बजावले आहे की तुम्ही गरमही नाही आणि गारही नाही, म्हणून तुम्हाला तोंडातून ओकून टाकीन. स्पॅनिश बायबलात त्या मंडळींसाठी आलेले विशेषण आहे तिबियो. तेव्हापासून तिबियो माणूस म्हणजे ज्याच्या भक्तीत, मतात, प्रेमात दम नाही असा. आजही कुंपणावरच्या पुढाऱ्याला तिबियो म्हणतात, आणि ती शिवी आहे. त्याच पुढाऱ्याला तेम्प्लादो म्हटले तर त्याचा गौरव होतो. मराठीतल्या ‘कोमट’ने ही सगळी निंदा आपल्याकडे घेतली आहे, कोमट प्रतिसाद, कोमट स्वागत. म्हणून पाण्याला कोमट म्हणावे, माणसाला म्हणू नये.

एकाच तापमानाच्या या दोन शब्दांपैकी एकाला मान का मिळाला, याचे उत्तर मला लोहाराच्या भट्टीत सापडते.

स्पॅनिशमध्ये पोलादालाही तेम्प्लार करतात. तोलेदो शहराच्या तलवारी युरोपभर नावाजलेल्या होत्या आणि त्यांचे श्रेय लोक ताहो नदीच्या पाण्याला देत. तिसऱ्या कार्लोस राजाने १७६१ साली तिथे सरकारी शस्त्रकारखाना काढला. त्याच्या इमारतीत आता विद्यापीठ आहे. पाते लालभडक, आठशे अंशांच्या वर तापवायचे आणि पाण्यात किंवा तेलात बुडवायचे, या क्रियेचे नाव ‘तेम्प्ले’. तापलेल्या लोखंडात विरघळलेल्या कार्बनला सावकाश बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो जिथल्या तिथे अडकतो, स्फटिकांची रचना ताणली जाते आणि धातू कठीण होतो. इतका कठीण की ठिसूळही. मग त्याला दोन-तीनशे अंशांवर पुन्हा थोडे तापवून तो ठिसूळपणा काढावा लागतो. या दुसऱ्या क्रियेला स्पॅनिश कारागीर ‘रेबेनिदो’ म्हणतात. गंमत अशी की इंग्रजीने याच लॅटिन मुळापासून आलेला ‘टेंपरिंग’ हा शब्द दुसऱ्या, मवाळ करणाऱ्या क्रियेला दिला, तर स्पॅनिशने पहिल्या, कडक करणाऱ्या क्रियेला. इंग्रजीवरून स्पॅनिशचा अंदाज बांधणारे भाषांतरकार तांत्रिक मजकुरात इथे हमखास घसरतात.

मराठीला मात्र हा शब्द इंग्रजीच्या मध्यस्थीशिवाय कळतो. आपण पात्याला, विळ्याला, कुऱ्हाडीला ‘पाणी देतो’. नुसते पाणी दिले म्हणण्यात विस्तव गृहीत धरलेला आहे, आणि ते पाणी पुढे त्या वस्तूचा गुण होऊन बसते. पाण्याची तलवार, पाणीदार पाते, तिथून पाणीदार डोळे, पाणीदार घोडा, आणि ‘त्याचे पाणी जोखले’ म्हणजे त्याचा दम पाहिला. स्पॅनिशमध्ये अगदी हेच घडले. ‘तेम्प्ले’ हे पोलादाचे पाणी, आणि तेच माणसाचेही. ज्याच्याजवळ तेम्प्ले आहे तो आणीबाणीत हातपाय गाळत नाही.

म्हणजे एकाच क्रियापदाखाली दोन अगदी वेगळ्या कृती आहेत. घड्यातल्या पाण्यात गरम आणि गार एकमेकांत विरून मधले काहीतरी होते. भट्टीत तसे होत नाही. तिथे पाते दोन्ही टोकांतून जाते, आधी पूर्ण विस्तव, मग एकदम गारवा, आणि बाहेर येते ते मधले नसते, तिसरेच असते. तेम्प्लादो माणसाचा संयम स्पॅनिश कान या दुसऱ्या प्रतिमेतून ऐकतात, निदान माझा तसा समज आहे. तो जन्मजात थंड नाही, तापून आलेला आहे. आपण मोबाइलवर चिकटवतो त्या टेम्पर्ड काचेला स्पॅनिशमध्ये ‘बिद्रियो तेम्प्लादो’ म्हणतात. अशी काच एरवी तापवून वाऱ्याच्या झोताने झटकन गार करतात. पृष्ठभाग आधी आवळतो, आतला भाग मागाहून, आणि दोन्ही एकमेकांना कायमचे ओढून धरतात. तिची ताकद या आतल्या ओढाताणीची असते.

ओढाताणीचाच दुसरा प्रकार तारेचा. ‘तेम्प्लार’ म्हणजे गिटार सुरात लावणे. एवढेच नव्हे तर दोर ताणणे, नट बेताने आवळणे हेही. फ्लामेंको गायक मुख्य चीज सुरू करण्याआधी ‘आय’काराने गळा सुरात आणतो, त्या आरंभालाही ‘तेम्प्ले’ म्हणतात. आपल्याकडचे षड्ज लावणे याहून वेगळे काय आहे? मिरजेच्या कारागिराने जवारी काढलेला तंबोरा जुळला की आपण तो ‘लागला’ म्हणतो. लागलेला तंबोरा आणि तेम्प्लादा गिटार हे शब्दशः एकमेकांचे भाषांतर आहे. तार ढिली असली तर ती बदबदते, फार आवळली तर तुटते, हे खरे. पण लागलेली तार काही ‘मध्यम’ ताणाची नसते. ती तिच्या नेमक्या ताणाची असते, आणि तो पुष्कळ असतो.

बैलांच्या खेळाकडे वळताना मला थोडा संकोच होतो. तो खेळ मला रुचत नाही, पण हा शब्द समजून घ्यायचा तर त्याला वळसा घालता येत नाही. (गोव्यातल्या ‘धिर्यो’त बैल बैलाशी लढतो, स्पेनमध्ये माणूस बैलासमोर उभा राहतो.) सेव्हियात १८९२ साली जन्मलेल्या हुआन बेल्मोन्ते या तोरेरोच्या नावाशी तीन क्रियापदांचे सूत्र जोडले जाते : पारार, तेम्प्लार, मान्दार. पाय रोवून थांबणे, तेम्प्लार करणे, हुकमत ठेवणे. मधल्या क्रियेचा अर्थ असा की हातातल्या कापडाची गती बैलाच्या धावेशी इतकी जुळवायची की शिंग कापडाला लागूही नये आणि कापड शिंगापासून लांबही जाऊ नये. जुळली की मग ती गती सावकाश करत न्यायची आणि बैलालाही सावकाश करायचे. त्याआधीचे तोरेरो बैलाच्या वाटेतून चपळाईने बाजूला होत. बेल्मोन्ते जवळजवळ जागचा हलत नसे, बैल त्याच्या कमरेला घासून जाई. पत्रकार मानुएल चावेस नोगालेसने १९३५ मध्ये त्याचे चरित्र लिहिले, ते आजही वाचले जाते. अंदालुसियात शब्दातला द बोलताना गळतो, तिथले रसिक अशा संथ, जुळलेल्या खेळाला ‘तेम्प्लाओ’ म्हणतात. या ‘मध्यम गती’च्या खेळात धोका मात्र मध्यम नाही, तो आधीपेक्षा वाढलेला आहे.

आता राजकारण. इथे तेम्प्लादोपेक्षा त्याचा भाऊ मोदेरादो अधिक वापरात आला आणि त्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १८२० ते १८२३ या तीन वर्षांत स्पेनमध्ये उदारमतवाद्यांचे राज्य होते आणि त्यांच्यात लगेच दोन तट पडले : मोदेरादो आणि एक्साल्तादो. मराठी माणसाने हे शब्द पहिल्यांदा ऐकले तरी त्याच्या तोंडी भाषांतर तयार असते, मवाळ आणि जहाल. पण पुढचा इतिहास पाहिला तर ‘मवाळ’ लिहायला हात धजत नाही. १८४४ ते १८५४ या दशकाला स्पॅनिश इतिहासात ‘मोदेरादो दशक’ म्हणतात. त्याचा कर्ताधर्ता जनरल नार्वाएस. या मोदेरादोंनी ग्वार्दिया सिविल हे सशस्त्र पोलीस दल उभारले, मताधिकार इतका आवळला की लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का लोकांनाच तो उरला, आणि १८४८ साली युरोपभर उठाव झाले तेव्हा आपल्याकडचे कठोरपणे चिरडले. मृत्यूशय्येवर धर्मगुरूने शत्रूंना क्षमा करायला सांगितले तेव्हा नार्वाएस म्हणाला की मला शत्रूच नाहीत, सगळ्यांना गोळ्या घातल्या, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो नसो, मोदेरादो या नावाविषयी स्पॅनिश लोकांना काय वाटत होते ते तिच्यातून कळते. पक्षाचे नाव झाले की विशेषणातला गुण संपतो. तेम्प्लादो कधी मोठ्या पक्षाची पाटी झाला नाही, म्हणून त्याचे पाणी टिकले असे मला वाटते.

आपल्याकडे या व्यवहारात उलट्या बाजूने नुकसान झाले. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली. इंग्रजी ‘मॉडरेट’साठी मराठीत तेव्हा दोन शब्द होते, नेमस्त आणि मवाळ. नेमस्तमध्ये ‘नेम’ आहे. नेमाने चालणारा, नेमून घेतलेला. संयत, मोदेरादो यांच्या जातीचा तो शब्द. मवाळ हा ‘मऊ’च्या घरातला, त्यात कुणी काही केलेले नाही, वस्तूच मुळात मऊ. लोकांच्या तोंडी मवाळ राहिला, नेमस्त ग्रंथांत गेला. याचा परिणाम असा की नामदार गोखल्यांचे चित्र मराठी शाळकरी मुलाच्या मनात शब्दामुळेच मऊ उमटते. वर्षानुवर्षे सरकारी अंदाजपत्रकाची आकड्यांनिशी चिरफाड करणारा, १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणणारा आणि ते फेटाळले जाणार हे दिसत असताना मांडत राहणारा माणूस मऊ नव्हे. त्यांचे राजकारण पटो न पटो, तो निराळा वाद. पण स्वभावाला विशेषण शोधायचे तर मी स्पॅनिशमधून उसने आणीन.

मराठीत, किंवा संस्कृतात, त्याला सर्वांत जवळचा कोण? माझे उत्तर ‘धीर’ आहे. कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात धीर माणसाची खूण सांगितली आहे, ती मोहाचे कारण दूर असण्याची नाही, समोर असण्याची आहे. पार्वती सेवेला हजर आहे आणि शंकर ढळत नाही. नाट्यशास्त्राच्या परंपरेत चारही प्रकारच्या नायकांच्या नावाआधी धीर लागतो, धीरोद्धताच्यासुद्धा. मराठीत मात्र धीर हे विशेषण मागे पडून नाम झाले, आपण धीर धरतो, देतो आणि सोडतो. ‘धीराचा’ म्हटले की शौर्याची बाजू येते, मिताहाराची राहते. ‘पाणीदार’मध्ये धार येते, पण तेजाची झाक जास्त होते. म्हणून मी एकच प्रतिशब्द ठरवून ठेवलेला नाही. पोलाद पाणी दिलेले, गिटार लागलेली, पाणी कोमट, हवा सुखद, माणूस बहुतेक वेळा धीराचा, आणि जेवणाच्या पंगतीत असेल तर बेताचा.

उलट अर्थाचा ‘देस्तेम्प्लादो’ मात्र विनासायास मराठीत येतो. बेसूर आवाज देस्तेम्प्लादो. ताप येण्याआधी अंगात कणकण भरते, तेव्हा स्पॅनिश माणूस ‘मी देस्तेम्प्लादो आहे’ म्हणतो. आतला सूर उतरला आहे. पूर्वी सैन्यातून एखाद्याची अप्रतिष्ठा करून हकालपट्टी करताना नगाऱ्यांची कातडी मुद्दाम सैल करून ते वाजवत. त्यावरून कुणाला अपमानाने घालवून दिले की ‘उतरलेल्या नगाऱ्यांनिशी घालवले’ असा वाक्प्रचार आहे. आपण नारळ देतो, ते त्या मानाने सभ्य. आणि ऋतूंचा तोल नसणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘आ ला इन्तेम्पेरिये’, म्हणजे डोक्यावर छप्पर नसलेल्या अवस्थेत, उघड्यावर.

अटलांटिक ओलांडल्यावर शब्दाने आणखी रंग बदलले. क्यूबात ‘तेम्प्लार’ हे क्रियापद चारचौघांत उच्चारू नये. तिथे त्याने थेट शयनगृह गाठले आहे, आणि गिटार लावायला निघालेल्या स्पॅनिश पाहुण्याला भोवतालचे लोक का हसतात ते कळत नाही. पेरूमध्ये मामला तितका पुढे गेलेला नाही. तिथे एखादा तरुण तेम्प्लादो आहे असे मित्र सांगतात, तेव्हा तो कुणाच्या तरी प्रेमात आकंठ बुडालेला असतो. अशा वाक्याचे भाषांतर करताना ‘धीराचा’ लिहिण्यात अर्थ नाही. बिचाऱ्याचा सगळा धीर तिच्या दारापाशीच सुटलेला असतो.